सोबोना

बुधवारी लुफुताच्या उतारावर
गुरं औषधाच्या हौदात उतरतात,
पलीकडे चढतात निथळत,
आणि वहीत एकेकाची रेघ पडते.
कुत्र्यांना त्या वहीत पान नाही.

माझा तीन दिवस उठला नव्हता.
लघवी काळपट तांबडी,
रूइबोसचा कोरा चहा जास्त उकळावा तशी.
विषच घातलं कुणीतरी, म्हणत मी
म्झोलिसीच्या दारात जाऊन ओरडून आले होते.

ढकलगाडीत पोतं, पोत्यावर तो.
नोम्वुझोनं त्याचा ओठ उचलला:
हिरड्या खडूसारख्या.
कानाच्या टोकाला सुई, काचेवर थेंब,
वर जांभळं पाणी.
मग म्हणाली, ये, डोळा लाव.

तांबडी बिंबं, पुष्कळ.
काहींत दोन-दोन दाणे,
टोकाला टोक लावून बसलेले,
दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याचं खात.

पंजाच्या बेचक्यात गोचीड सापडली,
वाटाण्याएवढी, अजून जेवत होती.
रॉकेल नको, काडी नको, म्हणाली,
आणि चिमट्यानं सरळ ओढली.

सुई झोंबली तरी तो कण्हला नाही.
त्याचीच भीती वाटली.

नाव?
सोबोना.
म्हणजे पुढचं पुढे बघू.
खाणीवर परत जाताना नवऱ्यानं ठेवलेलं.

जगेल का, मी विचारलं.
ती हात धूत होती.
सोबोना, म्हणाली,
आणि पोत्यावर एक कान हलला,
कुणी हाक मारली म्हणून.

घरची वाट
म्झोलिसीच्या फाटकावरूनच जाते.