प्रश्न चौथा, ब

दोनशे किलो शिंपले भाजले
तर कळीचा चुना किती मिळेल, ते काढा.
गुण तीन.

काढलं. एका मोलास एक मोल,
शंभराचे छप्पन्न, म्हणजे एकशे बारा.
एकक लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

बाई, इथे तुमचे तीन गुण संपतात.
पण अजून वीस मिनिटं आहेत
आणि पुरवणीचं अर्धं पान कोरं.

चोपड्याला नदीकाठी आमची भट्टी आहे.
खुबे, तिसऱ्या, कालवांची कवचं
आई पाट्यांनी आणते, धुते,
सोडणांवर थर, थरावर पुन्हा सोडणं.
मागच्या रविवारी मी सगळं मोजलं,
रेशनच्या दुकानातून काटा मागून आणून.
आत दोनशे. बाहेर अठ्ठ्याण्णव.

चौदा किलो कुठे गेले?
वाळू, ओल, मधली कच्ची राहिलेली कवचं.
पुस्तकात याला टक्केवारी आहे.
बाबांकडे एक शिवी आहे, ती इथे लिहीत नाही.
आणि अठ्ठ्याऐंशी तर जायचेच होते,
मोरजीच्या माडांवरून, वजन नसल्यासारखे,
ज्यांचं बिल कुणी फाडत नाही.

मग बाबांनी पाणी मारलं.
चुना तडकला, फुसफुसला, हात लावू देईना.
बरीचशी वाफ झाली,
उरलेली बारा किलो विहीर आत मुरली.
एकशे दहा.

म्हापशाचे शिरसाट शेठ टेम्पो घेऊन आले.
त्यांच्या काट्याखाली काय चिकटवलंय
ते बाबांना ठाऊक.
पाण्याचं त्यांना ठाऊक.
काटा म्हणाला, अठ्ठ्याण्णव.
दोघांनी पेल्याने चहा घेतला,
पावसाचं काय, मुलगी कितवीत, असं बोलले.

हे समीकरण मी तीनदा तपासलं, बाई.
दोन्ही बाजू जुळतात.
फक्त खोटं कुठल्या बाजूला मांडायचं
ते कळत नाही,
आणि मोल कुणी ठरवायचं, तेही.

आता घंटा होईल.
वर्गाची ही भिंत मे महिन्यात
आमच्याच चुन्याने सारवली.
ती गेलेली हवा परत ओढतेय,
पाणी सोडून देतेय,
पुन्हा शिंपला व्हायला बघतेय.
मागच्या बाकावरच्या रोहिदासला
पर्यवेक्षक आत्ताच ओरडले:
टेकू नकोस रे, पाठ पांढरी होईल.

म्हणजे अभिक्रिया अजून
चालू आहे.