दोन मीटर पासष्ट

ही आधी पावाची गाडी होती.
लोयझेने फळ्या ठोकल्या, गादी कापून बसवली,
छताला उजेडापुरती खिडकी पाडली,
तरी ऊन तापलं की अजून
यीस्टचा आंबूस वास येतो तिच्या अंगाला
आणि जेवून उठलेली मी पुन्हा भुकेजते.

तीन रात्री. त्याहून जास्त नको.
लोयझेचा गुडघा आणि गाडीचा क्लच
यांचं तेवढ्यावरच एकमत आहे.

टेबलावर नकाशा पसरलाय,
कोपऱ्यांवर वजनं: मिठाची बरणी, त्याचा चष्मा,
गॅसची चावी आणि नेझाने पाठवलेला
जर्दाळूचा मुरंबा.
तो बोटानेच निघतो क्रानहून,
क्रान्स्का गोराला टाकी भरून घेतो
(चाळीस लिटर, त्यात माझं केस धुणं बसत नाही)
आणि व्हर्शिचचा घाट चढायला लागतो.
पन्नास वळणं. चोवीस चढताना, सव्वीस उतरताना.
चढावरच्या वळणांना दगडी फरसबंदी,
पाऊस आला की नुसता साबण.
दर वळणाला त्याचं बोट अडतं,
तो तोंडाने गियर बदलतो.
पासष्टीचा माणूस. घर्र, घर्र.
परतताना म्हणे गाडीच आगगाडीवर चढवायची,
डोंगराच्या पोटातून थेट बोहिन्यला.
आपण गाडीत बसलेले, गाडी गाडीत बसलेली!
हे त्याने मला सोमवारपासून चारदा सांगितलंय.

मी यादी करते.
काडेपेटी. लोकरीचे मोजे. कॉफीचं भांडं, ते लहान,
कान तुटलेलं. कुट्टूचं पीठ.
यादी करताना मान वर करावी लागत नाही,
हा यादीचा मोठाच गुण.

कारण घाट उतरला की त्रेंता.
नकाशात ते नेमकं घडीवर येतं.
अकरा वर्षं आम्ही ही घडी अशीच घालत आलोय,
कागद तिथे झिजून पांढरा झालाय.
नदीची निळी रेघ आत शिरते
आणि बोटभर खाली पुन्हा निघते,
मधे काही घडलंच नाही अशी.

मधे माझा भाऊ राहतो.

वडिलांच्या कुरणावरून झालं.
खरं तर कुरणावरूनही नाही,
त्यांच्या गवत कापायच्या लांब दांड्याच्या विळ्यावरून,
जो मला धड पेलतही नव्हता
आणि जो मी मागितला.
‘क्रानमध्ये कशाला तुला?’ त्सिरिल म्हणाला,
‘बाल्कनीतली कुंडी कापायला?’
मी काय म्हणाले ते यादीत लिहिण्यासारखं नाही.

‘रात्री थांबायचं कुठे?’ लोयझे विचारतो.
राखीव रानात रस्त्याकडेला झोपायला बंदी,
दंडाचा आकडा त्याला पाठ आहे.
नदीकाठचा तळ ऑगस्टभर भरलेला,
तिथल्या बाईने फोनवर हसूनच सांगितलं.
‘कुणाचं अंगण मिळालं तर...’
एवढं बोलून तो चष्मा पुसायला घेतो.
वजन उठल्यावर नकाशाचा तो कोपरा
हळूच गुंडाळी होत वर येतो.
चष्मा स्वच्छच होता.

नंबर मला पाठ आहे. बदलला नसणार,
आमच्या घरात कुणी काही बदलत नाही.
आणि मला एवढंच तर विचारायचं होतं
की गाडीची उंची दोन मीटर पासष्ट आहे,
फाटकावरची नासपतीची फांदी
अजून तशीच खाली आलेली आहे का.

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास.
मग, ‘थांब. मोजतो.’

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज.
खुर्ची सरकली. दार.
कुत्रा भुंकला, कुठलासा नवा,
माझा वास माहीत नसलेला.
शिडी भिंतीला घासत गेली.

लोयझे भुवया उंचावून बघतोय.
मी हातानेच खूण करते: गप्प,
तिकडे माप घेणं चाललंय.