आठी

सकाळी चूळ भरली, तर पाणी
डाव्या कोपऱ्यातून थेट गाउनवर.
आरशात पाहिलं. अर्धी मी होते,
अर्धी दोरीवरून घसरत चाललेल्या
ओल्या टॉवेलसारखी.

सासूबाई म्हणाल्या, वारं गेलं तोंडावरून.
नवरा म्हणाला, एसी बसमध्ये खिडकीशी कशाला बसतेस?
मी शिट्टी तोंडात धरून पाहिली.
नुसती फुस्स.
कापूरबावडीच्या चौकात चौदा वर्षं
ट्रक अडवलेत मी या ओठांनी.

कळव्याच्या दवाखान्यात
माझ्या आधी राबोडीचे मोहिद्दीनचाचा.
तोंड वाकडं, माझ्यासारखंच.
डॉक्टर कर्णिक उभ्या उभ्याच म्हणाल्या,
"चाचा, कपाळाला आठ्या घाला."
पडल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वहीच्या रेघांसारख्या.
"हात पुढे धरा." उजवा हळूहळू खाली आला.
मग स्ट्रेचर, धावपळ, "किती वाजता सुरू झालं?"
त्यांची मुलगी
घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघत राहिली.

मग मी. "घाला आठ्या."
जन्मभर ऐकलं, पोरी, आठ्या घालू नकोस.
आता घालते, तर अर्ध्याच.
डावं कपाळ गुळगुळीत,
घोडबंदर रोडच्या नशिबी नाही इतकं.
त्या हसल्या. "छान. म्हणजे मेंदू नाही."
(हे सासूबाईंना सांगायचं नाही, मी तिथंच ठरवलं.)

कानात बॅटरी मारून पाहिलं, पुरळ नाही ना.
कानाखाली चाचपलं, गाठ नाही ना.
एका रात्रीत झालं की हळूहळू, महिनोन् महिने?
साखर? अंगावर कुठं बधिर चट्टा?
नाही, नाही, म्हणता म्हणता
माझा ब फुटत नव्हता, बधिरचा.

"नस सुजलीय. हाडातल्या बोळातून जाते बिचारी,
तिथंच अडकली."
हे मात्र मला लगेच कळलं.

बहात्तर तासांच्या आत गोळ्या. डोळ्यात थेंब.
रात्री पापणीला चिकटपट्टी,
नाहीतर झोपेतही एक डोळा ड्युटीवर.
मग आरसा, आणि पहिलीतल्या पोरासोबत
बाप, माप, पाप.
फिजिओच्या खोलीत चाचा दिसले, चेंडू दाबत.
आम्ही एकमेकांकडे बघून
अर्धं अर्धं हसलो.

शिट्टी परत आली.
पण वाढताना काही तारा चुकीच्या घरात शिरल्या,
डॉक्टर म्हणाल्या, होतं असं कधी कधी.
आता शिट्टी फुंकली की
डावा डोळा आपोआप मिटतो.

काल एक डंपरवाला भर सिग्नलला लाजला.
मी होती नव्हती ती आठी घातली
आणि पावती फाडली.