बुडखे

महिन्याला दोन झावळ्या.
तेलमाडाचं वय मोजायला एवढं पुरतं.
लांब दांड्याचा कोयता घेऊन मी, न्यांगाउ,
घडाखालची झावळी उतरवतो.
बुडखा खोडावरच राहतो,
न मिटलेल्या हिशेबासारखा.

त्या बेचक्यात पाणी साचतं,
कुजका पाला, पाखरांची शीट,
आणि कंपनीला न विचारता
नेचे फुटतात.
दाढी वाढलीय माडाला, मुकादम ओरडतो, काढा.
काढतो.
पंधरवड्यात पुन्हा मिसरूड.

खाली चराच्या कडेला सुलाउमावशी.
जळक्या दलदलीवर मिदिन सगळ्यांच्या आधी येतो,
तांबूस, कानामागे वळलेल्या बटेसारखा.
वाकव, ती म्हणते, कट् वाजेल तिथेच मोड.
नाही वाजला, तर तो तुझा नाही.
उघडलेलं पान ती तोडत नाही.
चरबट लागतं, आणि
कुणीतरी उघडायलाही हवं.

इथेच होतं आमचं लांबघर, सत्तावीस दारांचं.
कुठल्या रांगेत?
ती माड मोजत निघते, सात, आठ, नऊ,
चुकते, परत येते,
टोपली अर्धीच.

रात्री कढईत लसूण,
कुटलेली सुकी कोळंबी,
मिदिन अजून करकरीत.
नेच्याच्या पानामागची तपकिरी भुकटी
माझ्या खांद्यांवर, मानेत.
झटकायला गेलो तर मावशीनं हात धरला.

असू दे.
उद्या तिकडेच जातोयस ना.