रकाना सतरा

पहिले सोळा रकाने तिने सरळ भरू दिले.
नाव: द्वारका तारी.
वय: "तार बुडाली, तेच्या आदल्या वर्साचा."
टॅबला तार माहीत नव्हती, मी बासष्ट टाकलं.
रोज किती खुबे?
"रोज खयचे? भांगेक कोण जाता?"
गुडघाभर चिखलात उभ्या होतो आम्ही,
ती पायाच्या अंगठ्याने शोधत,
मी टॅब छातीशी धरून, तान्ह्या पोरासारखा.
मी कुडाळची. मालवणी कळते,
जिभेवरून उतरली कधीचीच.

आज चौथ. चार त्रिक बारा,
बाराचा चौथा हिस्सा तीन.
"तीनाक भरती," ती म्हणाली, वर न बघता.
टॅब म्हणाला, तीन वाजून सहा मिनिटं.
"ती सहा मिनिटा तुमका ऱ्हवांदे."

रकाना सतरा: स्थान. अक्षांश, रेखांश.
नुसतं बोट टेकवायचं, ठिपका आपोआप पडतो.

तिने रोवळी खाली ठेवली.
"हेच्या आधी एक पोरगो इललो.
चाय प्यालो. तीन सुकत्ये माझ्यावांगडा फिरलो.
म्हातारेची शेंडी दाखयली, पोरक्याचो खड्डो दाखयलो.
मगे रंगीत पुस्तक काढल्यान.
तेच्यात माझा नाव नाय.
खड्ड्याचा हा."

मी ते पुस्तक पाहिलंय. पान एकेचाळीस.
'स्थानिक महिला, अंदाजे साठ',
आणि खाडीवर सहा लाल वर्तुळं.
दिवाळीनंतर वाळूचे पडाव आले
बरोबर त्या वर्तुळांवर.
सक्शनची नळी रात्रभर खाडी ओढत होती.
कुणी कुणाला दिलं, की कुणी नुसतं उघडं ठेवलं,
हे कुठल्याच पानावर नाही.

"ही तुझी वही खय ऱ्हवतली?"
सर्व्हरवर, मी म्हटलं.
"सर्व्हर खयच्या गावचो?"
मला गाव सांगता आलं नाही.

संध्याकाळी खडपावर बसल्या अकराजणी.
शिंपी दुधाळली की हात कधी बंद करायचा
तो दिवस त्या जिथे ठरवतात, तिथेच.
रुक्मीण खोबरेकर म्हणाली, किती मिळतात ते लिही,
किती कमी झाले तेही, आमच्या नावांसकट.
कुबलांची हेमलता बारावी शिकलेली. तिने विचारलं,
छापायच्या आधी वाचून कोण दाखवणार? मराठीत?
एक म्हातारी म्हणाली, सगळंच सांगून टाका,
सरकारला कळलं तरच वाळू थांबेल.
तिच्याशी वाद झाला, बराच. ती रुसून उठली,
चार पावलं गेली, पाठ करून तिथेच बसली.
मग द्वारकाबाय:
"जागो लिवचो नाय. विचारूक येवंदे.
दर खेपेक येवंदे. पायान."

ऑफिसचा फोन: सतरा रिकामा का?
रिकामा चालत नाही, नव्व्याण्णव टाक.
नव्व्याण्णव म्हणजे 'माहिती नाही'.
मी म्हटलं, "माहिती आसा."
काय?
आहे, माहिती आहे. पण ती त्यांची आहे.
त्याला एक आकडा द्या.
पलीकडे कुणीतरी कीबोर्ड वाजवत राहिलं.
उद्या कळवतो, म्हणाले.
तीन आठवडे झाले.

निघताना तिने पिशवीत खुबे घातले होते,
बारके निवडून परत पाण्यात फेकून.
घरी येऊन परातीत ओतले.
निळसर काळा चिखल, तिवरांच्या मुळांचा वास,
मधे एक पिवळा खडा.
माहीतगार माणूस एवढ्यावरून जागा सांगेल.
तीन पाणी धुतले मी.
ते पाणी माडाच्या आळ्यात ओतलं,
खडाही,
आणि वरून झावळ ओढली.