चौथी रेघ

खोका चप्पल लाइनमधला, नऊ नंबरचा.
ब्लेड दिगू झेंड्याच्या सलूनमधलं, मधोमध मोडलेलं.
दोन पात्यांत फट किती ठेवायची, तर
"शिगरेटच्या चांदीएवढी," नाना पोवार लेथवरूनच ओरडले
आणि अर्धा कप चहा घेतला, मजुरी म्हणून.

जाळीसाठी रंजूताईच्या लग्नाची डीव्हीडी.
तिच्याकडं अजून दोन आहेत.
चिकटपट्टी लावून ओढली तशी चांदी उतरली,
हळद, पंगत, रुसून बसलेले चुलते,
सगळे पट्टीला चिकटून आले.
उरलं नितळ प्लास्टिक आणि त्यावर
न दिसणाऱ्या रेघा, मिलिमीटरला तेराशे पन्नास.
कॅमेरा रियाज बागवानच्या बंद पडलेल्या कॅफेतला, ऐंशी रुपये.
एकूण खर्च एकशे चाळीस, चहा धरून.

पहिल्या रविवारी दिसलं ते नुसतं धुकं.
दुसऱ्या रविवारी रंग आले, पण मळके,
पंचगंगेत धुतलेल्या परकरासारखे.
तिसऱ्या रविवारी स्वयंपाकघरातल्या सीएफएलसमोर धरलं
आणि स्क्रीनवर डोंगर उभे राहिले.

आप्पा पाटावर बसून लसूण सोलत होते.
एकतीस वर्षं उद्यमनगरात भट्टीवर.
रस बघून सांगायचे: अजून न्हाई. अजून न्हाई. आता.
पायरोमीटर आला तरी मालक
आधी त्यांच्या तोंडाकडं बघायचे.

"ह्ये काय?"
पारा, मी म्हटलं. दिव्याच्या पोटात असतो.
हिरवा पाचशे सेहेचाळीस, निळा चारशे छत्तीस.
कुठल्याही गावात बघा, जागा सोडत नाही.
"आन् ह्यो बारका उंचवटा?"
तो असतोच.
"असतोच म्हंजे? कास्टिंगला भोक असतंच म्हणून
तसंच देतीस का गिऱ्हाइकाला?"

लसणाच्या बोटांनी खोका चाचपला,
मागच्या कोपऱ्यावर अंगठा दाबला.
उंचवटा बसला.
अंगठा काढला. उठला.
"गळतंय हितं."

मग जुन्या ओळखीनं कोळशाची पूड आली,
साच्याला फासतात तसली, कागदाच्या पुडीत.
माझा चकचकीत काळा रंग त्यांनी खरवडून काढला.
सरस, पूड, दोन हात. उन्हात एक दुपार.
आत आता असा अंधार की
बोट घातलं तर बोट परत येईल का अशी शंका यावी.

कॅमेरा काढून त्यांनी स्वतःच डोळा लावला.
"चार," म्हणाले.
मग दुसरा डोळा.
"तीन."
पुन्हा डावा. चार. पुन्हा उजवा.
"जांभळ्याच्याबी पलीकडं एक हाय. हिकडनं दिसती, तिकडनं न्हाई."

डाव्याचं ऑपरेशन झालंय, शिबिरात.
उजव्याची तारीख गणपती झाल्यावर.
भिंग पिकतं आप्पा, मी म्हटलं, पिवळं पडतं,
जांभळं आत येऊच देत नाही.

ते बराच वेळ खोका मांडीवर घेऊन बसले.
"म्हंजे भट्टीवरबी मी पिवळ्या काचंतनंच बघत हुतो."
रसात जांभळं नसतंच फारसं, मी म्हटलं.
आणि तुमचा माल कधी परत आलाय का?

"आलता. एकदा.
पंपाची बारा केसिंगं. गार रस ओतला हुता मी.
मी म्हटलं, माती वली हुती.
सदा कुराड्याचा अर्धा पगार कापला."

सीएफएल गुणगुणत राहिला.
आईनं आतून विचारलं, लसूण झाला का.

"फट अजून बारीक हुईल?"
होईल. पण उजेड कमी पडेल.
"पडू दे. थांबून बघायचं."
उठता उठता म्हणाले,
"उजव्याची तारीख पुढं ढकल.
पयल्यांदा सदाला बोलवतो.
तीन दिसणारा डोळा हाय तवर."

मी वहीत लिहून ठेवलं:
चारशे पाच. फिकट. डावा डोळा.
खाली तारीख, आणि सदा कुराडेंचा नंबर,
जो आप्पांना पाठ होता.