पांढरी पाचच्या जरा वर

सारंगीच्या घोडीपाशी मी पितळी चकती चिकटवली
तेव्हा मुजावर म्हणाले,
डॉक्टरीणबाई, तिला काही झालेलं नाही.

नळस्टॉपच्या मागे, पिठाच्या गिरणीवरची खोली.
स्पीकर उघडले तर आधी आली घरघर.
अर्थिंग नव्हतं.
मी प्लग उलटे केले, वायरी सोडवल्या, वैतागले.
ते खुंटी पिळत बसलेले, कान तिकडेच.
"राहू दे. पांढरी पाचच्या जरा वर आहे. चालेल."
आणि महावितरणला षड्ज मानून
पस्तीस तरफा
एकेक करून मिळवल्या. तास गेला.

मग आलाप मी पकडला,
सात सेकंदांनी परत सोडला.
त्यांनी तो परक्याचा असावा तसा ऐकून घेतला
आणि उत्तर दिलं, किंचित वाकडं,
स्वतःचंच म्हणणं पटलं नसल्यासारखं.
तेही पकडलं. पुन्हा सोडलं.
एका खोलीत चार मुजावर,
घाम एकालाच.
त्यांच्या नखांच्या मुळाशी घट्टे आहेत.
माउस धरलेला हात मी मांडीवर घेतला.

अकरा वाजले. गुरुवार होता, विसरलोच.

वीज गेली.
घरघर गेली, तिघं गेले,
खालचा पट्टा फटफटत थांबला.
गज हवेत.

तरफा तेवढ्या वाजत राहिल्या,
आता कुठेच नसलेल्या त्या सुराला धरून,
इतका वेळ, की मी रेकॉर्डचं बटण शोधलं
आणि दाबलं नाही.

खालून गिरणीवाला ओरडला,
"दळण उद्या!"